अननसाची साल आणि मोहाचे फूल

अननस चिरला की त्याची साल आपण कचऱ्याच्या बादलीत टाकतो. मेक्सिकोतल्या अनेक घरांत ती टाकत नाहीत. ती स्वच्छ धुऊन, पाणी आणि गूळ घालून दोन-तीन दिवस ठेवतात आणि तिच्यापासून ‘तेपाचे’ नावाचे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय तयार होते. गेल्या काही वर्षांत ही कृती आमच्या डोंबिवलीतल्या स्वयंपाकघरांपर्यंत येऊन पोचली आहे. इतिहासाची आवड असल्याने मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ताड, माड, शिंदी आणि मोह यांनी भरलेल्या आपल्या ठाणे जिल्ह्यात घरी काही आंबवणे ही परदेशी नवलाई कधीपासून झाली?

आधी कृती सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. एका पिकलेल्या अननसाची साल, दोन लिटर पाणी, पाव किलोच्या आतबाहेर गूळ, दालचिनीचा तुकडा आणि दोन-चार लवंगा एवढेच साहित्य. काचेची बरणी घ्यावी. तांब्या-पितळेचे भांडे नको, कारण आंबट रस धातूला खातो. तोंडाला फडके बांधावे. विरजण लागत नाही, कारण सालीवरच यीस्ट आणि जिवाणू असतात. त्यातले यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि वायू करते, जिवाणू आंबटपणा आणतात. आपल्या दमट हवेत दीड-दोन दिवस पुरतात. वर बुरशी धरली तर सगळे ओतून द्यावे. गाळलेले पेय घट्ट बुचाच्या बाटलीत भरून बाहेर ठेवू नये, वायूच्या दाबाने बाटली फुटते. आणि त्यात थोडे का होईना अल्कोहोल असते, तेव्हा मुलांना ते सरबत म्हणून देऊ नये.

तेपाचे हा शब्द मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आला. मुळात हे पेय मक्याचे होते, अननस नंतर आला. आपला अननसही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येते आणि आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते. त्या काळात ठाणे आणि वसई पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. मराठ्यांनी ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये घेतली.

याच काळात समुद्रापलीकडे उलटा प्रवास घडला. मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ पासून अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. त्या गलबतांतून गेलेल्या फिलिपिनो लोकांनी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर माडी काढण्याची कला नेली. कोलिमा प्रांतात ‘तुबा’ या नावाने ती आजही विकली जाते. म्हणजे त्यांचा अननस आपल्याकडे आला आणि पूर्वेची माडी त्यांच्याकडे गेली. तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांना माडीच्या दारूमुळे आपल्या द्राक्षमद्याचा खप घटतो असे दिसताच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर बंदीचे हुकूम निघाले. गोरगरिबांच्या पेयावर राज्यकर्त्यांची नजर जाते, तेव्हा तिथे बहुधा महसुलाचा हिशेब असतो.

आपल्याकडेही तेच झाले. ताडाचा किंवा शिंदीचा रस पहाटे उतरवला की गोड असतो, तीच नीरा. ऊन चढले की ती आंबू लागते आणि संध्याकाळपर्यंत तिची ताडी होते. भंडारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. ठाणे-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत ‘फुगे’ फुगवायलाही ताडीच वापरत, म्हणजे ती त्यांची बेकरीची यीस्टच होती. वैद्यांच्या घरी द्राक्षासवाचे मडके धायटीची फुले घालून धान्याच्या राशीत पुरून ठेवत. वारली, कातकरी, ठाकूर यांच्या पाड्यांवर मोहाची फुले वेचली जात. ती नुसती दारूसाठी नव्हती. वाळवलेला मोह हे टंचाईच्या दिवसांतले अन्न होते.

इंग्रज सरकारने १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा केला. ताडी उतरवण्यासाठी परवाना आला, झाडामागे कर आला आणि दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखाली मक्तेदारांकडे गेले. तरीही पाड्यांवर मोहाची दारू निघतच राहिली. तेव्हा १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. दारूवर नियंत्रण ठेवायचे म्हणून झाडाखाली पडलेले फूल वेचण्यावर आणि जवळ बाळगण्यावर बंधने आली. आपल्या दारातल्या मोहाचे फूल उचलणारा आदिवासी संशयित ठरला आणि त्याला तीच दारू मक्तेदाराच्या दुकानातून पैसे मोजून घ्यावी लागली. सावकाराकडे वळणाऱ्या वाटांपैकी ही एक वाट होती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू महसुलाचा नव्हता, उलट सरकारने महसूल सोडला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे खरी होती आणि आजही आहेत. पण कायद्यातली मद्याची व्याख्या अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव, इतकी रुंद होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरती ती बंधने रद्द ठरवली. घरच्या मडक्याची बाजू मांडायला मात्र कोणी वकील गेला नाही. साठच्या दशकापासून बंदी सैल झाली आणि परवान्याची दुकाने आली. दुसरीकडे खाडीकाठच्या खारफुटीत हातभट्ट्या पेटतच राहिल्या. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. तिथे घात केला तो मिथेनॉलने. फळे किंवा रस नुसता आंबवणे वेगळे आणि औद्योगिक रसायन मिसळून विकणे वेगळे, हा फरक आपण सगळ्यांनीच शिकून घ्यायला हवा.

मोहाच्या फुलांचे संकलन, वाहतूक आणि साठवण यांवरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये उठवले. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षे झाली. दरम्यान जुन्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि मोहाची बरीच जंगले तिकडे गेली. एवढ्या काळात किती घरांतून आंबवण्याचे शहाणपण नाहीसे झाले, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

तेपाचेची बरणी मांडायला माझी हरकत नाही. फक्त कायद्याची ती रुंद व्याख्या अजून शाबूत आहे, म्हणून बरणी घरापुरतीच असावी आणि विक्रीचा विचार मनात आणू नये. मात्र तिच्या फसफसण्याचे कौतुक करताना, हीच क्रिया आपल्या शेजारच्या पाड्यावर गुन्हा ठरली होती, हे मुलांना सांगावे. आणि तुमच्या ओळखीत ताडीवर फुगे करणारी किंवा मोहफुलांची भाकरी थापणारी एखादी आजी असेल, तर पुढच्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन तिच्याकडे जावे. मेक्सिकोची कृती लिहिलेली आहे, ती कुठे जात नाही. आजीकडची अजून लिहून व्हायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)