दिनविशेष : २७ सप्टेंबर

२०११ : गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाची स्थापना. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठातून बाहेर पडली. वर्धा मात्र नागपूरकडेच राहिले. चर्चा झाली ती परीक्षा आणि पदव्यांची. पण मैदानावरची सोयरीकही तुटली. वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट आणि चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा शेजारी, तरी त्यांचे कबड्डीपटू आता एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाहीत. गाठ पडलीच तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत, वेगवेगळ्या जर्सीत. वर्धेकरांना हे नवे नव्हते म्हणा. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले, तेव्हा वर्धा नदीपलीकडचे गडी असेच परके झाले होते.

आपल्याकडे ही फाटाफूट प्रशासनाच्या सोयीसाठी झाली. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ गट बदलतात ते मुख्यतः टीव्हीच्या पैशासाठी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची राष्ट्रीय क्रीडा संघटनेची मक्तेदारी मोडली आणि बोली वाढत गेली. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे थेट न्यू जर्सीच्या रटगर्सच्या गटात, ‘बिग टेन’मध्ये दाखल झाली. हिंगणघाटहून वरोऱ्याला मात्र एसटीने तासाभरात पोचता येते!