मास्टर विठ्ठल : दावा जिंकलेला मूकनायक

मूकपटांच्या उत्तरकाळात तलवारबाजीच्या भूमिकांनी सामान्य प्रेक्षकांवर राज्य करणाऱ्या मास्टर विठ्ठल यांचा आरंभ कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, संकलनाच्या कामाने झाला. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांनी त्यांना नायकपद दिले. ‘आलम आरा’ या बोलपटासाठी त्यांनी शारदा सोडताच कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलांची बाजू बॅरिस्टर महंमदअली जीनांनी मांडली आणि ते जिंकले.

न्यायालयाने नटाला करारातून मोकळे केले. त्याला वाणी देणे मात्र न्यायालयाच्या अधिकारात नव्हते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पडदा बोलू लागला, तेव्हा हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा हा नायक बराच वेळ अर्धवट शुद्धीतच दिसला. कारण उर्दू संवाद त्याला पेलत नव्हते. नंतर ते मराठी चित्रपटांत दीर्घकाळ वावरले, पण क्रमाक्रमाने दुय्यम भूमिकांत. १९६९ मध्ये ते निवर्तले.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रासाठी विठ्ठल न्यायालयाची पायरी चढले, त्याची साक्ष आता केवळ काही छायाचित्रे देतात. आणि तीही मूकच आहेत.