रेशीम घेताना नावावर नव्हे, धाग्यावर नजर हवी

अक्कलकुवा : लग्नाचा बस्ता बांधण्याची वेळ आली की अक्कलकुवा परिसरातील कुटुंबांपुढे दोन वाटा असतात. एक वाट नंदुरबारमार्गे सुरतेला जाते, तर दुसरी धुळे, मालेगाव, मनमाड करीत येवल्याला पोहोचते. पहिल्या वाटेच्या टोकाला मानवनिर्मित धाग्यांच्या कापडाची देशातील अग्रगण्य बाजारपेठ आहे. दुसरीच्या टोकाला हातमागावर विणली जाणारी पैठणी. दोन्ही ठिकाणी गादीवर उलगडल्या जाणाऱ्या साडीला ‘सिल्क’ असेच म्हटले जाते. मात्र या एका शब्दाखाली काही शे रुपयांची पॉलिस्टरची साडीही येते आणि महिनोन्महिने मागावर असलेली भरजरी पैठणीही. घरातील वर्षभराची बचत ज्या खरेदीत खर्ची पडते, तिथे हा फरक ओळखता येणे गरजेचे आहे.

धागा कुठून येतो

रेशीम हा प्राणिज धागा आहे. तुतीच्या पाल्यावर वाढणारी अळी सुमारे चार आठवडे पाला खाते, या काळात चारदा कात टाकते आणि अखेरीस स्वतःभोवती कोष विणते. या कोषाचा धागा सलग असतो आणि त्याची लांबी साधारण एक किलोमीटर भरते. आतील कोशिताचे पाखरू होऊन ते कोष फोडून बाहेर पडले, तर धागा तुटतो. म्हणून त्यापूर्वीच कोष वाफेने किंवा गरम हवेने सुकवितात. नंतर ते गरम पाण्यात सोडून अनेक कोषांचे धागे एकत्र उलगडले जातात. एका साडीसाठी हजारो कोष लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे रेशमाची किंमत समजते. पाखरू बाहेर पडल्यानंतरच्या रिकाम्या कोषांपासून सूत कातून केलेले ‘अहिंसा रेशीम’ही मिळते, त्याला शुद्ध तुती रेशमाइतकी चकाकी नसते.

कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाचा थर असतो. तो उकळून काढल्यावर धाग्याचे वजन सुमारे पाव भागाने घटते. मात्र त्यानंतरच फायब्रॉइन हे मूळ प्रथिन उघडे पडते आणि रेशमाला मऊपणा व झळाळी येते. या धाग्याचा छेद काहीसा त्रिकोणी असतो. त्यामुळे प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून परावर्तित होतो आणि साडी हलली की तिची छटा बदलते.

तुती, टसर, एरी आणि मुगा या चारही प्रकारच्या रेशमाचे व्यावसायिक उत्पादन होणारा भारत हा एकमेव देश आहे. उत्पादनात तो चीनखालोखाल दुसरा आहे. महाराष्ट्रात तुतीची शेती मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात वाढली असून, जालना येथे २०१८ मध्ये कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली. गडचिरोली, भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन वृक्षांवर टसरचे कोष घेतले जातात. गडचिरोलीत ढीवर समाजाने हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. विदर्भाची ‘करवतकाठी’ साडी याच मातकट सोनेरी धाग्यातून विणली जाते. काठावरील करवतीच्या दातांसारख्या नक्षीवरून तिला हे नाव पडले.

भडोच ते बऱ्हाणपूर

अक्कलकुवा तालुका रेशीम विणणाऱ्यांचा म्हणून ओळखला जात नाही. सातपुड्याच्या या भागातील आदिवासी समाजाची श्रीमंती चांदीच्या दागिन्यांत आणि मण्यांच्या माळांत दिसते. तरीही रेशमाचा इतिहास या तालुक्याच्या चहूबाजूंनी गेलेला आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे भडोचजवळ समुद्राला मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराचा उल्लेख ‘बॅरिगाझा’ असा येतो. चीनचे रेशमी सूत व कापड बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने या बंदरात येत असे, अशी नोंद त्यात आहे. याच बंदराकडे पैठणहून गाड्यांतून माल जात होता, असेही त्यात म्हटले आहे.

दक्षिण गुजरातचा प्रदेश तेव्हा ‘लाट’ या नावाने ओळखला जाई. तेथील रेशीम विणकरांची एक श्रेणी गाव सोडून माळव्यातील दशपूर, म्हणजे आजच्या मंदसोर येथे स्थायिक झाली. त्यांनी इसवी सन ४३७ च्या सुमारास तेथे सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ मध्ये त्याची दुरुस्ती केली, असे मंदसोरचा शिलालेख सांगतो. स्थलांतरानंतर काहींनी विणकाम चालू ठेवले, तर काहींनी धनुर्विद्या, ज्योतिष यांसारखे मार्ग धरले, हा त्यातील तपशील लक्षणीय आहे. विणकरांच्या मुलांनी माग सोडणे ही आजचीच गोष्ट नाही, हे यावरून दिसते.

सतराव्या शतकात सुरत ते बऱ्हाणपूर या वाटेने प्रवास केलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे विणकरांनी भरलेले गाव असल्याचे लिहून ठेवले आहे. बऱ्हाणपूरची तलम मलमल आणि त्यातील सोन्यारुप्याच्या तारांचे कामही त्याने वर्णिले आहे. आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग अक्कलकुव्यातूनच जातो. नर्मदेच्याच काठी, पण बरेच वर, महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात तेथे विणकर वसविले आणि महेश्वरी साडीला नाव मिळाले. या साडीत सामान्यतः उभा धागा रेशमाचा व आडवा सुताचा असतो.

पैठण आणि येवला

पैठणीचे नाव सातवाहनांची राजधानी असलेल्या पैठणवरून पडले, पण आज तिचा मोठा व्यवहार नाशिक जिल्ह्यातील येवल्यात चालतो. रघोजी नाईक यांनी बाहेरून विणकर व व्यापारी आणून येवल्याची पेठ वसविली, असे मानले जाते. पेशवाईत या वस्त्राला मोठा आश्रय मिळाला.

पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या पदरात आहे. नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र लहान कांडी घेऊन विणकर तो धागा हाताने ताण्यात गुंफतो. शेजारच्या रंगाशी तो अडकवून परत फिरवितो. त्यामुळे मागच्या बाजूस धागे लोंबत नाहीत आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. पोपटाची मुनिया, बांगडी मोर, कमळ, असावली, नारळी काठ ही तिची परिचित नक्षी. साध्या पैठणीस काही आठवडे पुरतात. भरगच्च पदराच्या साडीस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

‘सेमी पैठणी’ या नावाने मिळणारी साडी बहुधा यंत्रमागावरची असते. तिची नक्षी जॅकार्डवर उमटते आणि मागील बाजूस कापलेले किंवा तरंगणारे धागे दिसतात. ती विकणे गैर नाही. पण अस्सल पैठणीच्या भावात विकली गेली, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि हातमागावर बसलेल्याची मजुरीही जाते. पैठणीस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे ते याचसाठी.

नावातील फसगत

‘आर्ट सिल्क’ या नावातील ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे. ‘आर्टिफिशियल’ या शब्दाचे ते लघुरूप आहे. असे कापड रेयॉन किंवा पॉलिस्टरचे असते. ‘सेमी सिल्क’, ‘सिल्क फील’, ‘सिल्क फिनिश’ या शब्दांनाही धाग्याच्या दृष्टीने ठाम अर्थ नाही. ‘कॉटन सिल्क’मध्ये खरे रेशीम असू शकते, तसे ते अजिबात नसूही शकते. म्हणून प्रश्न एकच विचारावा : उभा धागा कशाचा आहे आणि आडवा कशाचा?

घरच्या घरी करता येण्याजोगी भरवशाची कसोटी ज्वलनाची आहे. पदराच्या दशांतून किंवा आतल्या शिवणीतून उभे आणि आडवे असे दोन्हीकडचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरावेत व वेगवेगळे जाळावेत.

* खरे रेशीम मंद जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते. केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी, ठिसूळ राख बोटांनी चुरडता येते.
* पॉलिस्टर वितळते. त्याचा कडक मणी तयार होतो आणि प्लास्टिकसारखा वास येतो.
* रेयॉन कागदाप्रमाणे भराभर जळते व अल्प राख उरते.

साडी अंगठीतून ओढून दाखविण्याचा प्रकार लोकप्रिय असला, तरी त्यावरून कापडाचा तलमपणा तेवढा कळतो. तलम पॉलिस्टरही अंगठीतून सहज जाते. हाताने चोळून ऊब पाहण्याची पद्धतही निर्णायक नाही.

केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘सिल्क मार्क’ ही योजना सुरू झाली. फुलपाखराचे चिन्ह आणि स्वतंत्र क्रमांक असलेले हे लेबल वस्त्र शुद्ध नैसर्गिक रेशमाचे असल्याची हमी देते. मात्र ते विणकामाची हमी देत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळू शकते. हातमागाची ओळख पटविण्यासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ हे वेगळे चिन्ह आहे. पैठणी घेताना दोन्ही पाहावीत.

जर खरी की नकली

पारंपरिक जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. अशी तार हलकेच खरवडली, तर आतून पांढरी दिसते. तांब्याच्या तारेची जर तांबूस दिसते; बाजारात तिला ‘टेस्टेड जर’ म्हणतात. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा थर दिलेली जर ज्योतीजवळ नेताच आक्रसते. आजच्या बहुतेक साड्यांत टेस्टेड किंवा प्लास्टिकची जर असते. त्यात वावगे काही नाही. पण किंमत ठरविताना ती बाब स्पष्ट झालेली असावी.

बिलावर ‘सिल्क साडी’ एवढेच लिहून न घेता ‘शुद्ध रेशीम’, उभ्या-आडव्या धाग्याचा प्रकार, जरीचा प्रकार आणि हातमाग की यंत्रमाग, हे लिहून घ्यावे. वाद उद्भवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तोंडी आश्वासनापेक्षा बिलावरची एक ओळ तेथे अधिक उपयोगी पडते.

निगा : हवा, सावली, सुती कापड

रेशीम प्रथिनाचे असल्याने प्रथिनाला जे बाधते, ते त्यालाही बाधते. धुण्याचा सोडा, तीव्र डिटर्जंट आणि ब्लीच यांपासून ते दूर ठेवावे. डाग काढण्यासाठी विकरे (एन्झाइम) घातलेली धुण्याची पावडरही रेशमाला अपायकारक ठरते. ओले रेशीम कोरड्यापेक्षा दुबळे असते, म्हणून ते पिळू नये.

* जरीची किंवा गडद दुरंगी साडी ड्रायक्लीनिंगलाच द्यावी. बिनजरीची साधी साडी रंग जात नसल्याची कोपऱ्यावर खात्री करून थंड पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात अलगद धुवावी व सावलीत वाळवावी.
* इस्त्री उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून, मध्यम आचेवर करावी. पाण्याचे शिंतोडे मारू नयेत. त्यांचे डाग उमटतात.
* अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्यापूर्वी लावावा. त्यातील रसायनांनी जर काळवंडते व रंग उतरतो.
* नेसलेली साडी लगेच कपाटात ठेवू नये. रात्रभर सावलीत मोकळी टांगून घामाचा ओलावा जाऊ द्यावा.
* साडी धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते.
* दर दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलाव्यात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेली साडी तेथेच विरते.
* डांबराच्या गोळ्या जरीला किंवा रेशमाला टेकू देऊ नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवाव्यात.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या भागात पावसाळ्यात हवा दमट असते. अनेक घरांत साड्या लोखंडी ट्रंकेत असतात. गंजाचा डाग रेशमावरून सहसा निघत नाही. ट्रंकेला आतून जाड सुती कापडाचे अस्तर द्यावे. पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, साड्यांना हवा द्यावी. मात्र कडक ऊन देऊ नये. उन्हातील अतिनील किरणांनी रेशीम पिवळे पडते व ठिसूळ होते.

आजीची साडी

जुन्या साडीबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ती धुणे. विरलेला भाग पाण्याचे वजन सहन करीत नाही. अशा साडीला मलमलीसह पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवावे, घडी घालू नये. फाटलेल्या जागी मागून तलम कापडाचा आधार देऊन रफू करून घ्यावा. पूर्वी जुन्या भरजरी साड्या चांदी-सोने काढण्यासाठी चक्क जाळल्या जात, आणि आजही जर विकत घेणारे दारोदार फिरतात. खऱ्या जरीची जुनी पैठणी भांड्यांच्या मोबदल्यात किंवा वजनावर देण्यापूर्वी जाणकाराला दाखवावी. तारेतील धातूला बाजारभाव असतो. जी वीण आता पुन्हा कोणी विणणार नाही, तिला तो लावता येत नाही.

बस्त्यात प्रत्येक साडी रेशमाचीच असावी, असे मुळीच नाही. मानपानाच्या साड्यांसाठी पॉलिस्टर परवडते, टिकते आणि धुवायलाही सोपे. नवरीच्या अंगावरच्या एका साडीसाठी मात्र चार धागे जाळून पाहण्याइतका वेळ काढावा आणि बिलावर नेमके शब्द लिहून घ्यावेत. तेवढ्याने घरचा पैसा योग्य ठिकाणी जाईल आणि येवल्यातील मागावर बसलेल्या विणकराच्या हातीही त्याचा वाटा पोहोचेल.