मिरचीच्या फुलावरची पिशवी

ढोबळी मिरचीला लागून तिखट ज्वाला लावली की ढोबळी तिखट होते, असं गावोगावी सांगतात. सांगणाऱ्याचा अनुभव खरा असतो, हंगाम मात्र चुकलेला असतो. यंदा धरलेल्या ढोबळीला शेजारच्या परागामुळे काहीही होत नाही. फळाची साल, गर आणि बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो आतला पांढरा भाग, हे सगळं आईच्या झाडाचं अंग असतं. आणि तिखटपणा तयार होतो तो त्या पांढऱ्या भागात. परागातून आलेला वाटा फक्त बियांत उतरतो. ते बी पुढच्या वर्षी लावलं म्हणजे झाडाला दिसायला धड ना ढोबळी धड ना ज्वाला आणि चवीला झणझणीत अशी मिरची येते. तोवर आदल्या वर्षी बांधाला काय होतं, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

बी धरायच्या फुलाला पिशवी बांधायची रीत या एका वर्षाच्या फरकातून आली आहे. झालेली भेसळ डोळ्यांना दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून ती होण्याआधीच फूल झाकायचं.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या तेहुआकान खोऱ्यात तिचे फार जुने अवशेष सापडले आहेत. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपात गेली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. ती इथे इतकी लवकर रुजली की १५४२ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सने तिचं चित्र आपल्या ग्रंथात छापताना तिला चक्क कालिकतची मिरी म्हटलं. पुढच्या शतकांत सुरकुतलेली, गडद लाल, बेताची तिखट ब्याडगी निराळी झाली, संकेश्वरी निराळी झाली, विदर्भात भिवापुरी, गोव्यात खोला आणि हरमल अशी घराणी तयार झाली. वनस्पतिशास्त्राच्या लेखी ढोबळी, ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी या सगळ्या एकाच जातीतल्या. एकीचा पराग दुसरीला सहज चालतो. मग पिशव्या नव्हत्या त्या काळात ही घराणी शाबूत कशी राहिली?

बी धरणाऱ्या बायकांच्या पारखीकडे याचं श्रेय जातं, आणि ते रास्तच आहे. झाडावर पुरती पिकलेली, वाणाच्या आकाराची, निरोगी मिरची बियाण्यासाठी बाजूला काढायची, हे काम पिढ्यान् पिढ्या त्यांनीच केलं. पण फळ पाहून फक्त आई कळते. बाप कोण, हे त्या फळावर कुठेही लिहिलेलं नसतं. बापाची काळजी अख्खा गाव घेत होता, तेही नकळत: साऱ्या शिवारात एकच मिरची लावली जाई. माशी एका वावरातून दुसऱ्या वावरात गेली तरी तिच्या अंगावर त्याच घराण्याचा पराग असे. दुसरी मिरची टेकडीपलीकडे, नाहीतर बाजाराच्या गावी. काणकोणातल्या टेकड्यांच्या उतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची अशीच एका मुलखापुरती राहिली. वाण राखायला पारख जितकी कामी आली तितकाच हा एकवाणी शेजार आला, असं माझं ठाम मत आहे.

खुद्द फूलही फसवं आहे. मिरचीचं फूल लहान, पांढरं, पाच-सहा पाकळ्यांचं, मान खाली घातलेलं. पुंकेसरांची टोकं निळसर-जांभळी असतात, आणि त्यांच्या मधोमध स्त्रीकेसर, त्याचं टोक म्हणजे कुक्षी. पराग आणि कुक्षी एकाच फुलात इतकी जवळ असल्यामुळे मिरचीला स्वपरागी पीक म्हणायची सवय पडली. बारकाईने पाहिलं तर दोन गोष्टी नजरेत येतात. फूल सकाळी उमलतं, पण परागाच्या थैल्या बहुधा नंतर फुटतात; मधल्या वेळात कुक्षी उघडीच असते. आणि अनेक वाणांत कुक्षी पुंकेसरांच्या वर डोकावते. शिवाय तळाशी मध असतो. त्यासाठी मधमाशी येते, मुंगी येते, आणि येताना आधीच्या फुलाचा पराग घेऊन येते.

आपल्याकडे या गोष्टीचा शिस्तशीर अभ्यास सुरू झाला तो बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत. अल्बर्ट हॉवर्ड, गॅब्रिएल हॉवर्ड आणि अब्दुर रहमान खान या तिघांनी १९१० साली भारतातल्या पिकांमध्ये नैसर्गिक परपरागीकरण किती होतं आणि त्याचं आर्थिक मोल काय, यावर प्रबंध प्रसिद्ध केला. निवड करून काढलेला चांगला वाण शेतकऱ्याच्या हाती गेल्यावर काही वर्षांत का बिघडतो, याचं कारण त्यांना मातीत आणि हवेत शोधायचं नव्हतं. ते फुलात होतं. मिरचीचा अभ्यास त्याच संस्थेत पुढे चालला. १९२८ साली शॉ आणि खान यांनी भारतीय मिरच्यांचे प्रकार लावून दाखवले. १९३५ साली आर. बी. देशपांडे यांनी तिखटपणाच्या वारशावरचा निबंध छापला: तिखट असणं की नसणं, हे एका प्रभावी जनुकावर ठरतं. आजही मिरचीच्या जनुकशास्त्राचा इतिहास लिहिताना या निबंधाचं नाव घ्यावं लागतं. मराठी वाचकांना ते फारसं ठाऊक नसावं, याची मला खंत वाटते.

देशपांड्यांच्या निष्कर्षातून बांधावरचं कोडं सुटतं. ढोबळीच्या बियांत ज्वालाचा पराग शिरला, तर पुढच्या पिढीचं ते झाड तिखटच होणार; चोरी एका वर्षात उघडी पडते. उलट ज्वालाच्या बियांत ढोबळीचा पराग शिरला तर पहिल्या पिढीत तिखटपणा जात नाही. फळाच्या आकारातला फरक हेरला नाही, तर भेसळ लपून राहते आणि त्याच्या पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड फिकं निघतं. तिखट वाण राखणाऱ्याला म्हणूनच जास्त सावध राहावं लागतं.

मिरची किती परपरागी आहे याचा धक्का देणारा आकडा अमेरिकेतून आला. न्यू मेक्सिकोतल्या शेतांत स्टीव्हन टँक्सली यांनी केलेल्या पाहणीत सरासरी ४२ टक्के परपरागीकरण आढळलं. ती पाहणी १९८४ साली छापून आली. ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर हे प्रमाण ७ टक्क्यांपासून ९१ टक्क्यांपर्यंत जातं. वाण, वारा, माशा, लागवडीची दाटी, सगळ्यांवर ते अवलंबून. स्वपरागी म्हणून निर्धास्त राहावं असं हे पीक नाही.

संकर वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. ईशान्येकडची भूत जोलोकिया तपासली तेव्हा तिच्यात एका जातीच्या मिरचीत दुसऱ्या जातीचे जनुक मिसळलेले आढळले. पुसा ज्वाला एन. पी. ४६-ए आणि पुरी रेड यांच्या संकरातूनच घडवलेली आहे. फरक इतकाच, की ज्वालाचे आईबाप कोण हे ठाऊक आहे, तो संकर मुद्दाम केलेला आहे, आणि नंतर पिढ्यान् पिढ्या निवड करून तो स्थिर केला आहे. बांधावरच्या भेसळीत यातलं काहीच नसतं.

पिशवी बांधायची कृती सोपी आहे. फूल उमलायच्या आधी, कळी फुगलेली असताना, फांदीवर आधीच धरलेली फळं आणि उमललेली फुलं खुडून टाकायची. मग मलमलीची किंवा बारीक जाळीची पिशवी फांदीवर चढवून तोंड सैल नाडीने बांधायचं, खाली थोडा कापूस गुंडाळायचा म्हणजे मुंगी शिरत नाही. रोज सकाळी फांदी हलकेच हलवायची. पराग आपल्याच कुक्षीवर पडतो. बोटाएवढं फळ धरलं की पिशवी काढायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोरा विसरला तर सगळी मेहनत वाया, कारण पिकल्यावर झाकलेली आणि उघडी मिरची सारखीच दिसते. असं पाच-सहा झाडांवर तरी करावं. एकाच झाडाच्या बियांवर वाण तोलून धरू नये. गच्चीवर चार वाणांच्या कुंड्या ठेवणाऱ्याला दुसरा इलाज नाही.

शेतात मात्र पिशवीची जागा अंतर घेतं. बीज प्रमाणीकरणाच्या नियमांत मिरचीच्या पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर विलगीकरण अंतर सांगितलं आहे. एक एकराचं चौकोनी वावर एका बाजूने जेमतेम ६४ मीटर भरतं. म्हणजे पायाभूत बियाणं घेणाऱ्याने चारी दिशांना सहा-सात वावरांत दुसरी मिरची नाही याची खात्री करायची, आणि त्या वावरांचे मालक नियमाने बांधलेले नाहीत. संकरित वाणांचं बियाणं दरवर्षी नवं विकत घ्यायचं असल्याने तिथे हा प्रश्न कंपनीचा असतो. देशी वाणात तो शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो. २०१९ साली खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, ब्याडगीला ते त्याआधीच मिळालेलं आहे. त्या कागदाने बाजारात नाव राखलं जातं. फुलावर बसणाऱ्या माशीला तो अडवत नाही. त्यासाठी शेजारच्या वावरात कोणती मिरची लागते आहे, हे रोपं टाकायच्या आधीच गावाने एकत्र बसून ठरवावं लागतं. एक गाव एक वाण हे कापसासाठी आपल्याकडे करून झालेलं आहे. मिरचीच्या गावांनी ते बियाण्यापुरतं, निदान एका पट्ट्यात, मनावर घ्यायला हवं.