भुयारी मलवाहिनीची कुळकथा

पालघर जिल्ह्यातील मुरबे गावाच्या उत्तरेस नांदगाव आणि आलेवाडी ओलांडली की नवापूरचा किनारा लागतो, आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी वर्षानुवर्षे ज्या नळाने समुद्रास मिळत आले, त्या नळाची कुळकथा मात्र या किनाऱ्यापासून फार दूर, लंडनमध्ये सुरू होते.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटाचे कामकाजच दुर्घट केले, तेव्हा अभियंते जोसेफ बॅझल्जेट यांच्या योजनेस त्वरेने मंजुरी मिळाली, आणि नदीस समांतर अशा सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या विटांच्या भुयारांनी मैला अडवून तो शहराच्या पूर्वेस ओहोटीच्या स्वाधीन केला. पटकी हटली, हे त्या योजनेचे थोर श्रेय; परंतु मैला आणि पर्जन्यजल एकाच भुयारातून वाहत असल्याने, पावसाचा जोर वाढताच फाजील पाणी नदीत उतरावे म्हणून तोंडे राखावी लागली, कारण ती नसती तर तोच मैला लोकांच्या घरांत उलट चढला असता. नगरे वाढत गेली, तशी ही आपत्कालीन तोंडे नित्याची झाली.

यावर निराळा विचार शिकागोने केला. मिशिगन सरोवराचे पाणी तेथील नागरिक पितात आणि त्याच्याच किनाऱ्यावर विहारास जातात. म्हणून १९७५ पासून त्या शहराने चुनखडीच्या खडकात, काही ठिकाणी नव्वद मीटरांहून खोल, प्रचंड बोगदे खोदावयास आरंभ केला, आणि २००६ पर्यंत त्यांची लांबी सुमारे १७५ किलोमीटर झाली. तोवरची भुयारे पाणी वाहून नेत. हे बोगदे ते धरून ठेवतात. पावसाच्या वेळी ओसंडणारे मिश्र पाणी उभ्या कूपांतून खाली उतरते, वादळ सरेपर्यंत तेथेच थांबते, आणि मग उपसून शुद्धीकरण केंद्राकडे पाठविले जाते. माझ्या मते या कुळातील खरी क्रांती तीच होय. लंडननेही अखेर तोच मार्ग धरला: टेम्सच्या तळाखालचा २५ किलोमीटरांचा, ७.२ मीटर व्यासाचा बोगदा २०२५ च्या फेब्रुवारीत पूर्णपणे जोडला गेला.

मुंबईत पावसाच्या आणि मैल्याच्या वाहिन्या मुख्यतः वेगळ्या. तेथे जागतिक बँकेच्या साहाय्याने वरळीस ३.४ आणि वांद्र्यास ३.७ किलोमीटर लांबीचे बोगदे समुद्रतळाखालून काढण्यात आले. त्यांचे काम साठविण्याचे नसून, मैला किनाऱ्यापासून दूर नेऊन खोल पाण्यात विखुरण्याचे आहे.

तारापूरच्या तजविजीचे गोत्र हेच. येथील पाणी घरगुती मैल्याचे नसून रसायनांचे आहे, हा भेद मात्र फार मोठा. कारण मैला समुद्रात जिरतो, विरतो, पण कारखान्याचे रसायन मासळीच्या अंगी राहू शकते. सामायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता दररोज २५ दशलक्ष लिटरांची असताना त्याहून अधिक पाणी येत राहिले, तेव्हा मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा हुकूम केला. दरम्यान ५० दशलक्ष लिटरांचे नवे केंद्र आणि समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत जाणारी वाहिनी यांची योजना पुढे आली.

लांब वाहिनीस माझा विरोध नाही. किनाऱ्यालगत पाणी सोडण्यापेक्षा ती निःसंशय बरी. परंतु मुरबे-सातपाटीच्या होड्या त्याच आतल्या पाण्यात पापलेट आणि घोळ शोधतात, डोलीची जाळी त्याच प्रवाहांत उभी असतात, आणि तेथे पाणी किती दूर सोडले एवढ्याने प्रश्न संपत नाही. केंद्र बंद पडेल किंवा वाजवीपेक्षा जास्त पाणी येईल त्या दिवशी ते धरून ठेवण्याची तरतूद किती तासांची आहे, आणि ती भरली असता कारखान्यांचा विसर्ग रोखण्याचा अधिकार कोणास आहे, या दोन कलमांचा लेखी खुलासा वाहिनीच्या नकाशासोबतच ग्रामपंचायतीच्या दफ्तरी दाखल व्हावयास हवा.