गावाचा तलाव, गावाचे जंगल आणि गावाचा नियम

चांदा म्हटले की प्रथम किल्ल्याचा परकोट आणि महाकालीचे देवालय डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु या भूमीचे खरे वैभव पाहावयाचे असल्यास पावसाळा सरता सरता नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांतून फिरावे. गावाजवळ तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल, अशीच येथील गावांची रचना आहे.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या अमलात जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन मिळत असे, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. पुढे इंग्रजी अमलात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात, गावांची मालकी मालगुजारांकडे आली आणि हे तलाव 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

एवढे तलाव टिकले कसे? दगडमातीने नव्हे, तर नियमाने. पावसाळ्यापूर्वी पाळीची दुरुस्ती, सांडव्याची निगा, पाट मोकळे करणे ही कामे गावाने अंगमेहनतीने करावयाची असत. पावसाने ओढ दिली की पाण्याची पाळी ठरे. ढीवर बांधवांची मासेमारी, जनावरांचे पाणी, जंगलातील सरपण, बांबू व चराई यांचेही रिवाज होते. गावाचे असे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' मध्ये आणि निस्ताराचे हक्क 'निस्तार पत्रका'त नोंदले गेले. ही पद्धत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. मालगुजाराचा शब्द शेवटचा असे आणि गरिबाला वेठ चुकत नसे.

म्हणूनच मालगुजारी रद्द झाली ते योग्यच झाले. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाचे झाले. वेठ गेली, पण तिच्याबरोबर जबाबदारीही गेली. गाव म्हणू लागले, तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील. आणि सरकार तर दूर! हळूहळू गाळ साचला, पाट बुजले, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे झाली. मालक बदलला, परंतु गावाचा नियम कोणी नव्याने लिहिला नाही, हेच या ऱ्हासाचे मुख्य कारण होय.

नियम नव्याने लिहिता येतो, हे मात्र याच भूमीतील एका लहानशा गोंड गावाने दाखवून दिले. ते गाव म्हणजे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). १९८० च्या दशकात या गावाने घोटुल बांधण्यासाठी जंगलातून लाकूड आणले. वनखात्याने ते घोटुल मोडले, गावाने ते पुन्हा उभारले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तेथूनच सर्वदूर गेली. श्री. देवाजी तोफा व श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कार्याशी जोडलेली आहेत.

परंतु घोषणेपेक्षा त्यांची रीत अधिक शिकण्यासारखी आहे. ग्रामसभेत बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय. एकाचाही विरोध असला तर पुन्हा चर्चा. जंगलावर गावाचीच राखण. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूसाठी पूर्वी खात्याकडे हात पसरावे लागत, त्याचा परवाना आता गाव देऊ लागले.

योगायोग असा की, त्याच २००९ साली अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक वस्तू ओरबाडली जाणारच, म्हणून ती सरकारकडे तरी द्यावी किंवा खाजगी तरी करावी, असे पुष्कळ पंडित मानीत. ऑस्ट्रॉम बाईंनी देशोदेशीची कुरणे, कालवे व जंगले अभ्यासून दाखविले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच देखरेख ठेवली आणि चुकणाऱ्याला चुकीप्रमाणे दंड केला, तर सामायिक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्या तलावांनी हे पूर्वीच सांगून ठेवले होते.

मंदिराचा जीर्णोद्धार हाही याच जातीचा विषय आहे. वर्गणी जमते, कळस चढतो, समारंभ थाटात होतो. परंतु पुढील वर्षी गळके छप्पर कोणी पाहावयाचे आणि हिशेब कोणी, केव्हा वाचून दाखवावयाचा, हे सर्वांनी बसून ठरविले नाही तर देऊळही तलावाच्याच वाटेने जाते. देवळासाठी एकत्र आलेल्या गावाने तीच बैठक मोडू न देता एक दिवस तलावाच्या पाळीवर भरवावी. गाळ काढण्यास मदत मिळेल, पैसाही मिळेल. नियम मात्र गावालाच करावा लागेल.