डेक्स्टर रस्त्यावरची मंडळी

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरी शहरी, लाल विटांचे एक बेताचे उपासनामंदिर आहे. तेथून राज्याचे विधानभवन हाकेच्या अंतरावर. याच विधानभवनाशी फेब्रुवारी १८६१ मध्ये जेफर्सन डेव्हिसने गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. त्यानंतर अवघ्या १६ वर्षांनी, १८७७ साली, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आपली स्वतंत्र बाप्टिस्ट मंडळी उभी केली. तिच्या पहिल्या सभा भरल्या त्या गुलामांचा एक व्यापारी विक्रीपूर्वी माणसे डांबून ठेवी त्या कोंडवाड्यात! सी. ओ. बूथ हे पहिले पाळक. १८७९ साली २७० डॉलर मोजून मंडळीने डेक्स्टर रस्त्यावर जागा घेतली आणि दहा वर्षे खपून, पैसा येईल तसे बांधीत, १८८९ पर्यंत मंदिर पुरे केले. २०२७ साली या मंडळीला १५० वर्षे होतात. त्या निमित्ताने आम्ही हा विषय निवडला.

बाप्टिस्ट हे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १८०५ साली श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम केरी हा बाप्टिस्टच. या पंथात मोठ्या माणसाने समजून उमजून बाप्तिस्मा घ्यावयाचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. येथे मंडळीवर बिशप नाही. पाळक कोण असावा हे सभासद ठरवितात, त्याचा पगार सभासद देतात, आणि इमारत सभासदांच्या मालकीची. ज्यांनी कधी संप चालविला आहे त्यांना याचे मोल सांगावयास नको. संपात पहिली अडचण भाकरीची नसते, सभेला जागा मिळण्याची असते. काल आनंदाने दिवाणखाना उघडून देणारे गृहस्थ आज किल्ली सापडत नाही म्हणतात!

मात्र डेक्स्टरची मंडळी काही मजुरांची मंडळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तेथे बसत ते काळ्या समाजातले प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर; बायका झकपक टोप्या घालून येत. व्हर्नन जॉन्स या पाळकाने त्यांना पुष्कळ छळले. तो विद्वान होता आणि हट्टाने भाजीपाला नि मासळी विकीत असे, तीही मंदिराच्या आवारात. सुशिक्षितांनी हाताला माती लागू द्यावी, असा त्याचा धोशा. मंडळीला ते सोसवेना आणि १९५२ साली त्याचे नि मंडळीचे फाटले. १९५४ साली त्याच्या जागी पंचवीस वर्षांचा एक तरुण आला. वर्षाला ४,२०० डॉलर पगार. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्याने येताच प्रत्येक सभासदाने मतदार म्हणून नाव नोंदवावे असा आग्रह धरला.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. पार्क्सबाई या मंडळीच्या सभासद नव्हत्या. पण त्याच रात्री चक्रमुद्रणयंत्रावर हजारो पत्रके काढणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या मंडळीतल्याच. सरकारी महाविद्यालयात प्राध्यापिका, म्हणजे नोकरी धोक्यात घालून हे काम केले. आणि पार्क्सबाईंना जामिनावर सोडविणारा ई. डी. निक्सन कोण? आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांत पाहुण्यांच्या बिछान्यांची व्यवस्था ठेवणारा पोर्टर! फिलिप रँडॉल्फने १९२५ साली स्थापन केलेली आणि बारा वर्षे झगडून पुलमन कंपनीकडून करार मिळविणारी जी पोर्टरांची संघटना, तिच्या स्थानिक शाखेचा तो अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने किंगना फोन केला. किंगनी विचाराला थोडा वेळ मागितला, मग होकार दिला. संध्याकाळची पुढाऱ्यांची बैठक डेक्स्टरच्या मंदिरात भरली. निक्सन मात्र तिला नव्हता. त्याची गाडीवर पाळी होती.

५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. त्या रात्रीची प्रचंड सभा डेक्स्टरला नव्हे, मजूरवस्तीतल्या होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट मंदिरात झाली. मागण्या पाहिल्या तर त्या किती माफक! उतारूंशी सभ्यपणे वागावे, काळ्यांनी मागून व गोऱ्यांनी पुढून येईल त्या क्रमाने बसावे, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे चालक नेमावेत. कंपनीने एवढेही मानले नाही, आणि वाद वाढत सगळ्या वेगळेपणाच्या कायद्यापर्यंत गेला. मालकाचा ताठा चळवळीला पुढे ढकलतो, हा अनुभव आमच्या गाठीशी आहेच. ३८१ दिवस धुणीभांडी करणाऱ्या बायका, स्वयंपाकिणी, मजूर पायी चालले किंवा सुमारे ३०० खाजगी मोटारींच्या व्यवस्थेने गेले. काही मोठ्या मोटारी मंडळ्यांच्या नावे नोंदविलेल्या होत्या. ३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बाँब पडला, दोन दिवसांनी निक्सनच्या. फेब्रुवारीत ८९ जणांवर खटले भरले गेले. पुढे १३ नोव्हेंबरला एका कोर्टाने मोटारींची व्यवस्था बंद करण्याचा हुकूम दिला, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल कायम केला.

फेब्रुवारी १९५९ मध्ये किंग मुंबईत उतरले, मणिभवनात राहिले, तेव्हा ते याच मंडळीचे पाळक होते. परत गेल्यावर २२ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, त्यांनी डेक्स्टरच्या व्यासपीठावरून गांधींवर प्रवचन केले. १९६० साली ते अटलांटाला गेले. त्याच साली रॉबिन्सनबाईंनीही महाविद्यालय सोडले. किंग यांचा खून १९६८ साली मेंफिसला झाला. तेथे ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते.

१९७८ साली मंडळीने आपल्या नावात किंग यांचे नाव जोडले, ते योग्यच झाले. निक्सन बहिष्काराच्या संस्थेचा खजिनदार होता. १९५७ साली त्याने राजीनामा दिला. आपल्याला कमी लेखले जाते, ही त्याची तक्रार होती. शिकलेल्यांच्या बैठकीत त्या पोर्टरचे कितपत ऐकले गेले असेल, याची कल्पना आम्हाला करता येते. तो १९८७ पर्यंत जगला, माँटगोमेरीतच.